तातडीचे दार : रुग्णालयाच्या नकाशातील औषधदान

रुग्णालयाच्या नव्या इमारतीचा नकाशा विश्वस्तांपुढे पसरला, की देणगीदार कुटुंबांची नजर ठराविक ठिकाणी थांबते. शस्त्रक्रियागृह कोणाच्या नावे, अतिदक्षता विभाग कोणाच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, डायलिसिसचा कक्ष कोणत्या पेढीतर्फे, याची बोलणी होतात. दर्शनी दालनात कोनशिला कोठे बसवावी यावरही पुष्कळ खल होतो. नकाशाच्या एका कोपऱ्यात, बहुधा इमारतीच्या मागील अंगाला, ‘कॅज्युअल्टी’ असे लिहिलेला एक लहानसा चौकोन असतो. त्याची बोली सहसा कोणी घेत नाही. वास्तविक रात्री-अपरात्री छातीत कळ आलेला, दुचाकीवरून पडलेला, अर्धांग लुळे पडलेला माणूस प्रथम ज्या दारातून आत येतो, ते दार त्याच चौकोनाला असते.

जैन समाजाला औषधदान नवे नाही. गावोगावच्या धर्मादाय दवाखान्यांपासून मोठमोठ्या रुग्णालयांपर्यंत व्यापारी कुटुंबांनी दिलेला पैसा उभा आहे. मुक्या प्राण्यांसाठी पांजरपोळही याच भावनेतून निघाले. मुंबईचे पांजरपोळ शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली सुरू झाले. या दानामागचा शास्त्रविचार सर्वपरिचित आहे. तरी आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’तील एक बारकावा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगताना तेथे आहार आणि औषध यांच्याबरोबर उपकरण आणि आवास यांचीही स्वतंत्र गणना केलेली आहे. मूळ संदर्भ मुनिसेवेचा आहे, हे खरे. परंतु औषध देणे निराळे आणि ते जेथे द्यायचे ती जागा देणे निराळे, दोन्ही आपापल्या परीने सेवाच, हा भेद ज्या शास्त्रकारांनी केला, त्यांची दृष्टी आजच्या वास्तुरचनाकारालाही उपयोगी पडावी अशी आहे. रुग्णालयाच्या इतर विभागांत इमारत ही उपचाराची पार्श्वभूमी असते. तातडीच्या विभागात मात्र भिंती, दारे आणि अंतरे हीच उपचाराचा भाग होतात, कारण तेथे औषधाइतकीच मिनिटांनाही किंमत असते.

फाटकापासून खाटेपर्यंत

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तिचा आरंभ ९३७ वाहनांनिशी झाला. तरीही आजारी माणूस घरच्या मोटारीतून, रिक्षातून, दोघांच्या मध्ये धरून बसवलेल्या दुचाकीवरून, क्वचित मालाच्या टेम्पोतूनही रुग्णालयात आणला जातो. नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र शिस्तीत येणारी पांढरी रुग्णवाहिका असते. वाहन रुग्णालयाशी आले, की चालवणारा घाबरलेला पुतण्या अथवा नोकर पहिला प्रश्न विचारतो, गाडी कोठे घालू? फाटकावरील पाटी रात्री दिसत नसेल, मुख्य दाराला कुलूप असेल आणि तातडीचे दार इमारतीला वळसा घातल्यावर, पार्किंगच्या मागे असेल, तर पहिली चार-पाच मिनिटे तेथेच जातात. ही मिनिटे कोणत्याही केसपेपरवर नोंदली जात नाहीत.

त्यानंतर पोर्च. तो इतका उंच हवा, की रुग्णवाहिकेचे छत अडकणार नाही. इतका लांब हवा, की एका गाडीतून रुग्ण उतरत असताना मागची गाडी भर पावसात उभी राहणार नाही. उतार एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणाहून तीव्र असेल, तर ट्रॉली ढकलणाऱ्या एकट्या वॉर्डबॉयची दमछाक होते. दोन पायऱ्या असल्या, तर चौघांना रुग्ण उचलावा लागतो, आणि मणक्याला दुखापत झालेल्या माणसाला असे उचलणे घातक ठरू शकते. आजारी बैल पायऱ्या चढत नाही, हे पांजरपोळ बांधणाऱ्यांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. माणसांच्या रुग्णालयांना मात्र भव्य पायऱ्यांचा मोह अजून सुटलेला नाही.

दाराच्या आत ट्रॉल्या आणि चाकाच्या खुर्च्या ठेवण्यासाठी भिंतीत मुद्दाम सोडलेली जागा असावी लागते. ती नसेल, तर ट्रॉल्या बोळात उभ्या राहतात आणि बोळ निम्मा होतो. रुग्णालयातील बोळ सुमारे आठ फूट रुंद असावा, असे जे मानतात, त्यामागे साधा हिशेब आहे. दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या, तर एकीला थांबावे लागू नये आणि सलाईनची बाटली धरून शेजारून चालणाऱ्या सिस्टरलाही वाट मिळावी. या आठ फुटांत पुढे पाण्याचे यंत्र येते, मग देणगीदारांच्या नावांचा काचेचा फलक, मग नातेवाइकांसाठी बाकडे. एकेक वस्तू निरुपद्रवी असते. चार जमल्या, की वाट अडते.

आणि मग येतो काउंटर. बहुतेक ठिकाणी तातडीच्या दारातून आत शिरताच प्रथम समोर दिसते ती नोंदणीची व अनामत रकमेची खिडकी. यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. अपघात झालेल्या एका स्कूटरस्वाराला एका रुग्णालयाने, पोलिसी प्रकरण हाताळण्याची आपल्याला परवानगी नाही, म्हणून दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्या प्रकरणावरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे आद्य कर्तव्य आहे, कायदेशीर सोपस्कार नंतरचे, असा निर्णय न्यायालयाने १९८९ साली दिला. परंतु ज्या इमारतीत खिडकी आधी आणि खाट नंतर लागते, ती इमारत रोज उलटा क्रम शिकवते. भांबावलेला मुलगा खिडकीशी थांबतो, कारण वाट तेथेच नेते. त्याला कोणी थांबवलेले नसते. खिडकी खाटेच्या पलीकडे सरकवायला खर्च जवळजवळ येत नाही.

दाराशी उभ्या असलेल्या परिचारिकेचे काम कोणते, हे व्यापाऱ्याला सांगणे सर्वांत सोपे आहे. ती प्रतवारी करते. या कामाला जगभर ‘ट्रायाज’ म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच असून वैद्यकात येण्यापूर्वी तो बाजारात होता. लोकर आणि कॉफीचे दाणे निवडून त्यांच्या प्रती लावणे, असा त्याचा अर्थ होता. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डोमिनिक ज्यां लारे याने जखमी सैनिकांचा हुद्दा अथवा पक्ष न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा नियम रणांगणावर रुजवला. सांगलीच्या हळदीच्या किंवा कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात उत्तम मालाला मान मिळतो. येथे सर्वांत बिघडलेल्याला मिळतो, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियात या प्रतवारीच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीवरील रुग्णाकडे तत्क्षणी, दुसऱ्याकडे १० मिनिटांत, आणि पुढे ३०, ६० व १२० मिनिटांच्या आत पाहिले गेले पाहिजे. परिचारिकेचे टेबल दारासमोर असेल, तर आत येणाऱ्याची चाल, श्वास आणि चेहऱ्याचा रंग पाहून ती निम्मी प्रतवारी बसल्या जागी करते. तेच टेबल खांबाआड अथवा बंद केबिनमध्ये ठेवले, की ज्याचा आवाज मोठा त्याचा क्रमांक पहिला लागतो. आणि ज्याला खरोखर धाप लागली आहे, त्याच्या तोंडून तर आवाज फुटत नसतो.

येथे श्रावक कुटुंबांनी ध्यानात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. पर्युषणात अथवा दशलक्षण पर्वात घेरी येऊन पडलेल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेले जाते, तेव्हा सोबतचे लोक ‘उपवास आहे’ एवढेच सांगतात. उपवास तिविहार होता की चौविहार, म्हणजे पाणी पोटात गेले आहे की नाही, कितवा दिवस आहे, मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतले होते का, हे दाराशीच सांगितले गेले, तर प्रतवारी बदलू शकते. ते सांगण्याइतकी शांत जागा परिचारिकेच्या टेबलाशी असावी लागते. चार माणसांच्या गलक्यात आजी खरे सांगत नाहीत.

हेलसिंकीचा यंत्रकक्ष

अंतराने उपचार कसा बदलतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडच्या राजधानीतील आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. पण लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत, आणि तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९८ साली रुग्ण दारात आल्यापासून औषधाची सुई टोचेपर्यंत सरासरी १०५ मिनिटे लागत. २०११ साली ही वेळ २० मिनिटांवर आली.

मधल्या वर्षांत डॉक्टर बदलले नव्हते, औषधही तेच होते. बदलली ती वाट. पूर्वी रुग्ण आधी तातडीच्या खाटेवर जाई, तेथून सीटी स्कॅनच्या खोलीत, तेथून परत खाटेवर, आणि मग औषध मिळे. त्यांनी सीटी यंत्रच तातडीच्या विभागात आणून बसवले. रुग्णवाहिकेतून आगाऊ दूरध्वनी जाऊ लागला. रुग्ण पोहोचण्यापूर्वीच त्याची नोंद आणि तपासण्यांच्या सूचना तयार होऊ लागल्या. रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवरून तो थेट यंत्राकडे नेला जाई आणि चित्र पाहून झाले, की तेथेच, यंत्राच्या टेबलावर, औषध टोचले जाई. ही सगळी सुधारणा एका रात्रीत झाली नाही. बारा-तेरा वर्षे एकेक फेरा शोधून तो कमी करत नेण्याचे हे काम होते, आणि जमाखर्चाच्या वहीतील गळती शोधण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्यातील चिकाटी वेगळी समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रातील मध्यम शहरांत सीटी किंवा एमआरआयचे यंत्र हे बहुधा सर्वांत मोठ्या देणगीतून येते. ते कोठे बसवायचे, हे मात्र देणगीदार विचारत नाही. यंत्र जड असल्यामुळे आणि क्ष-किरण विभाग तेथेच असल्यामुळे ते तळघरात किंवा इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाते. मध्ये लिफ्ट येते. लिफ्टमध्ये ट्रॉली मावते, पण ट्रॉली, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि दोन माणसे एकदम मावत नाहीत. शिवाय तीच लिफ्ट जेवणाच्या गाड्या आणि भेटीला आलेली मंडळी वापरत असतात. यंत्र उत्तम असूनही पक्षाघाताच्या रुग्णाला त्याचा पुरता लाभ मिळत नाही. देणगीच्या पत्रात यंत्राच्या किमतीबरोबर ‘तातडीच्या विभागाला लागून’ हे तीन शब्द घातले, तर त्यांचे मोल पाटीवरील नावाहून अधिक ठरेल.

पडदा की भिंत

तातडीच्या विभागाची आतील रचना हा वास्तुरचनाकारांचा जुना वाद आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, एकच मोठे दालन असावे, मध्ये परिचारिकांचे ठाणे आणि भोवती पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटा, म्हणजे कोण निळा पडतो आहे, कोण खाटेवरून घसरतो आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक रुग्णाला भिंतीची खोली हवी.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे किती गंभीर आहे, हे टोरांटोमध्ये कळले. मार्च २००३ मध्ये स्कारबरो ग्रेस रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ताप आणि खोकला असलेला एक रुग्ण आला. वर खाट रिकामी नव्हती, म्हणून तो अठरा-वीस तास तेथेच, खुल्या निरीक्षण कक्षात पडून राहिला. शेजारच्या खाटेवर हृदयाच्या तक्रारीसाठी आलेला दुसरा रुग्ण होता. दोघांत जेमतेम दीड मीटर अंतर आणि एक पडदा. पहिल्याला झालेला आजार सार्स होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. शेजारचा रुग्ण घरी गेला आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परतला. त्या दालनातून सुरू झालेली साखळी रुग्णालयांत, कुटुंबांत आणि कर्मचाऱ्यांत पसरली. कॅनडात त्या साथीत ४४ जण दगावले. रुग्णालयाने रुग्णाला इजा करता कामा नये, ही पहिली अट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात घातली होती. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाला या अटीत काही नवे वाटणार नाही. मात्र ती अट भिंतीच्या आणि हवेच्या हिशेबात मांडावी लागते, हे नाइटिंगेल यांचे खरे सांगणे होते.

म्हणून सर्वच खोल्या बंद कराव्यात काय? तसेही नाही. बंद खोलीतील बेशुद्ध रुग्ण कोणालाच दिसत नाही आणि जेथे रात्रपाळीला दोनच परिचारिका आहेत, तेथे तर खोल्या धोक्याच्याच. ज्या नव्या विभागांनी समंजस तोडगा काढला, त्यांनी सरकत्या काचेच्या दारांच्या खोल्या केल्या, आतून ओढता येणारा पडदा लावला, आणि दाराजवळ एक-दोन खोल्या अशा ठेवल्या, की जेथील हवा इतर दालनात न मिसळता बाहेर फेकली जाते. मोठ्या खर्चाशिवाय लहान रुग्णालयालाही निदान एक भक्कम दाराची, बाहेर उघडणाऱ्या खिडकीची खोली ठेवता येते. कोविडच्या काळात ज्यांच्याकडे अशी एकही खोली नव्हती, त्यांनी जिन्याखाली पत्र्याचे आडोसे केले. ते दृश्य अद्याप विस्मरणात गेले नसेल.

त्या एका खोलीचा आणखी एक उपयोग जैन समाजाला विशेष जाणवेल. विहारात महामार्गावर वाहनाचा धक्का बसल्याच्या दुःखद घटना वारंवार कानावर येतात. जखमी साध्वीजींना किंवा मुनिराजांना रुग्णालयात आणण्याचा प्रसंग संघावर येतो, तेव्हा उपचार कोणते आणि कितपत, हा निर्णय त्यांचा व संघाचा असतो. परंतु पडद्याच्या फटीतून पाहणाऱ्या गर्दीपासून त्यांचा आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचा बचाव भिंतच करू शकते. हीच गरज अत्याचारग्रस्त स्त्रीची असते, प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईची असते, आणि भरल्या घरातून आलेल्या, विष घेतलेल्या तरुणाचीही असते.

बाहेर थांबलेली माणसे

व्यापारी घरातील एखादी व्यक्ती अत्यवस्थ झाली, की रुग्णालयात एकटा मुलगा जात नाही. भाऊबंद, जावई, शेजारचे दुकानदार, पेढीवरचे मुनीम, पहाता पहाता पंधरा-वीस माणसे जमतात. त्यात प्रेम असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आत काय चालले आहे हे कळत नसलेली वीस माणसे अरुंद बोळात उभी राहिली, की काळजीचे रूपांतर संतापात व्हायला वेळ लागत नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. कायदा हल्ल्यानंतर उपयोगी पडतो. हल्ल्याआधीचा तास इमारतीच्या हाती असतो.

इंग्लंडमध्ये याचा पद्धतशीर प्रयोग झाला. तेथील आरोग्य खात्याने डिझाइन कौन्सिल या संस्थेला हा प्रश्न सोपवला आणि पिअर्सनलॉइड या रचनाकारांच्या चमूने आधी रुग्णालयांत बसून लोक कशाने चिडतात हे पाहिले. आढळले ते असे, की नुसते थांबावे लागते म्हणून माणूस चिडत नाही. आपण कोठे आहोत, पुढे काय होणार आणि नंतर आलेला आपल्याआधी आत का गेला, हे कळत नाही म्हणून तो चिडतो. त्यांनी पहारेकरी वाढवले नाहीत. भिंतींवर, छतावर, खाटेशेजारी मोठ्या अक्षरांतील सरळ भाषेतील पाट्या लावल्या. ही जागा कशाची, येथे काय केले जाते, यानंतर कोणती पायरी, असे त्यांवर लिहिले. सोबत एक पत्रक दिले आणि किती वेळ लागेल हे दाखवणारा पडदा लावला. साउथॅम्प्टन आणि लंडनचे सेंट जॉर्जेस या दोन रुग्णालयांत त्याची चाचणी झाली. धमकावण्याचे आणि आक्रमक वागण्याचे प्रकार निम्म्याने घटले. पाट्यांमुळे थांबण्याचा वैताग कमी झाला, असे ७५ टक्के रुग्णांनी सांगितले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार या कामावर घातलेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा लाभ पदरात पडला. तिप्पट परतावा देणारी गुंतवणूक, आणि तीही रंग नि पाट्यांची!

मराठीत लिहिलेली, आजीलाही वाचता येईल अशी पाटी, नातेवाइकांसाठी आतल्या बोळापासून वेगळी पण दार दिसेल अशी बैठक, दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन दोन वाक्ये सांगणारा एक माणूस आणि त्याने उभे राहण्याची ठरलेली जागा, इतके येथेही करता येते. बैठकीत उकळलेल्या पाण्याची सोय असली, तर रात्र काढणाऱ्या कुटुंबांचे दुवे मिळतील ते निराळेच.

मात्र एका गैरसमजापासून विश्वस्तांनी सावध राहावे. तातडीच्या विभागात गर्दी होते, तर तो मोठा करावा, दहाच्या वीस खाटा कराव्यात, असा विचार लगेच सुचतो. धान्याच्या बाजारातील कोणाही आडत्याला यातील चूक कळेल. धक्क्यावर माल साचतो तो धक्का लहान म्हणून नव्हे, तर गोदामातून जावक होत नाही म्हणून. तातडीच्या खाटांवर अडकलेल्या अनेक रुग्णांची तपासणी पूर्ण झालेली असते. वरच्या मजल्यावर खाट रिकामी नसल्यामुळे ते तेथेच पडून असतात. धक्का दुप्पट केला, तर साचलेला मालही दुप्पट होतो. हे केवळ गैरसोयीचे प्रकरण नाही. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा आणि पर्थ येथील रुग्णालयांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, विभाग तुडुंब भरलेला असताना आलेल्या रुग्णांमध्ये पुढील काही दिवसांत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. इंग्लंडमधील पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०२२ साली निघालेला निष्कर्ष आणखी टोचणारा आहे. भरती होण्यास सहा ते आठ तासांहून अधिक वेळ लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे एक अधिकचा मृत्यू होतो. म्हणून तातडीच्या विभागाला मदत करू इच्छिणाऱ्या देणगीदाराने कधी कधी चौथ्या मजल्यावर खाटा द्याव्यात, किंवा बरे झालेल्या रुग्णाला घरी सोडण्याचे कागद होईपर्यंत बसता येईल असे एक दालन द्यावे. तेथे पाटी लावायला भिंतही चांगली मिळते.

अमेरिकेतील ॲक्रन या शहरी एका बालरुग्णालयाची नवी इमारत २०१५ साली उघडली. तिला के ज्वेलर्स या सराफी पेढीचे नाव आहे. भारतातील सराफ देणगीदारांना हे वाचून आपलेपणा वाटेल. पण त्या इमारतीचा नकाशा ठरवताना जे झाले, ते नावापेक्षा महत्त्वाचे आहे. बांधकामापूर्वी एक मोठे गोदाम घेऊन त्यात पुठ्ठ्याच्या भिंती उभारण्यात आल्या. तातडीच्या विभागातील खोल्या खऱ्या मापाने उभ्या केल्या गेल्या. डॉक्टर, परिचारिका आणि आजारी मुलांचे आईवडील त्या पुठ्ठ्याच्या खोल्यांतून प्रत्यक्ष फिरले, खाटा ढकलून पाहिल्या, दार उलट उघडते, हात धुण्याचे भांडे दूर पडते, अशा तक्रारी केल्या. पुठ्ठा कापून भिंत हलवली गेली आणि पुन्हा फिरून पाहिले गेले. सिमेंट नंतर आले.

गोदाम हे व्यापाऱ्याजवळ असतेच. एखाद्या रविवारी, पेढी बंद असताना, वास्तुरचनाकाराचा नकाशा घेऊन गोदामाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात आखावा. फाटक, उतार, परिचारिकेचे टेबल, काउंटर, लिफ्ट, सीटीची खोली, सारे. सध्याच्या रुग्णालयातून एक ट्रॉली, दोन सिस्टर आणि रात्रपाळीचा एक वॉर्डबॉय बोलवावा. ट्रॉलीवर विश्वस्तांपैकी सर्वांत वजनदार गृहस्थांनी निजावे, हातात सलाईनची बाटली धरणारा एक माणूस शेजारी द्यावा, आणि फाटकापासून सीटीच्या खोलीपर्यंत घड्याळ लावून न्यावे. जेथे चाक रेघेला लागेल, तेथे खडूने फुली मारावी. सोमवारी ती फुल्यांची यादी वास्तुरचनाकाराच्या हाती द्यावी.